थिबा राजा, आईची नागीण आणि एक अर्धवट उत्तर

बाबा गेले त्याला पाच महिने होत आले होते. जूनचा दुसरा आठवडा, पाऊस नुकताच लागलेला. आईचा फोन नेहमी रविवारी सकाळी येतो. त्या वेळी आला तो बुधवारी भर दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना. "काही नाही रे, बरगडीखाली जरा आग आग होतेय. शेजारच्या काकू म्हणतात, नागीण आहे."

शुक्रवारी रात्रीची बस पकडून रत्नागिरीला पोचलो. तोवर काकूंनी गेरूचा लेप लावून झाला होता आणि "नागिणीचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस संपला" हेही आईला सांगून झालं होतं. नशीब एवढंच की आई गुरुवारीच डॉक्टरांकडे जाऊन आली होती आणि गोळ्या वेळेत सुरू झाल्या होत्या. (नागिणीवरच्या गोळ्या पुरळ आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. लेप लावत बसणाऱ्यांचे हे तीन दिवस हमखास वाया जातात.)

शनिवारी मी तिला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुरळ पाहिलं, मग झोप किती लागते, जेवण कसं आहे, वजन किती उतरलं असं विचारलं. शेवटी अगदी सहज म्हणाले, "एकदा मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवून घ्या." आई तिथे काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मला काय वेड लागलंय? आता 'त्या' हॉस्पिटलात नेऊन ठेवा मला." रत्नागिरीत 'ते हॉस्पिटल' म्हणजे कुठलं, हे सांगावं लागत नाही.

रात्री अंथरूण घालताना तिने विचारलं, "हे गेले म्हणून झालं का रे मला हे?"

मी ताबडतोब उत्तर दिलं, "नाही गं आई. कांजिण्यांचा व्हायरस असतो तो. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा. तो आत दडून बसतो आणि म्हातारपणी वर येतो." आई "बरं" म्हणाली आणि कुशीवर वळली. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ कारण सापडलं, तिकीट बंद.

झोप मात्र मला लागेना. व्हायरस पन्नास वर्षं आत होता हे कबूल. पण मग तो या जूनमध्येच का वर आला? पन्नास वर्षं त्याला कुणी अडवून धरलं होतं, आणि तो अडवणारा आता कुठे गेला?

*

रविवारी सकाळी पाऊस उघडला तेव्हा थिबा पॉइंटवर जाऊन बसलो. खाली भाट्याची खाडी, पूल, पुढे अरबी समुद्र. मागे जरा अंतरावर थिबा पॅलेस. ज्यांना रत्नागिरी फक्त हापूसमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी थोडी उजळणी.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८७८ साली गादीवर आला. त्याआधी त्याने बौद्ध मठात अभ्यास केला होता आणि धर्मग्रंथांच्या परीक्षेत उत्तम यश मिळवलं होतं. म्हणजे मूळ पिंड अभ्यासू माणसाचा. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी मंडालेवर चाल केली आणि दोनेक आठवड्यांत युद्ध संपलं. राजा, राणी सुपयालत आणि परिवार यांना बोटीत घालून आधी रंगून, मग मद्रास आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? तर इथे रेल्वे नव्हती (ती यायला आणखी शंभरहून अधिक वर्षं लागली!), येणंजाणं मुख्यतः बोटीने, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. राजाला ठेवायला यापेक्षा सोयीची जागा कोणती?

थिबा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. हा आकडा पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा अंगावर काटा आला. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याला सांगण्यात आलं की आता तुझ्याकडे काम नाही, देश नाही आणि परत कधी जायचं याची तारीखही नाही. आयुष्याची पुढची तीस वर्षं त्याने रत्नागिरीतच काढली. सुरुवातीची चोवीसेक वर्षं भाड्याच्या बंगल्यांत, आणि आपण आज बघतो तो जांभ्या दगडाचा राजवाडा तयार झाला तो १९१० च्या सुमारास. पेन्शन पुरेना म्हणून सरकारला अर्जांमागून अर्ज आणि कर्ज फेडायला माणकांची विक्री, हा त्याचा दिनक्रम. १९१२ साली त्याची धाकटी राणी इथेच वारली. १९१६ च्या डिसेंबरमध्ये तो स्वतः गेला, सत्तावन्नाव्या वर्षी. त्याची कबर रत्नागिरीतच आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिच्यापुढे येऊन नतमस्तक झाले, म्हणजे राजाला भेटायला त्याच्या देशाचा प्रमुख आला तो तब्बल ९६ वर्षं उशिरा.

आता याची दुसरी बाजू. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६. त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली २२ जुलै १९०८ च्या रात्री, म्हणजे बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री. आणि पाठवलं कुठे? तर मंडालेला! मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. इंग्रजांनी जणू दोन सर्व्हरच्या केबल्स एकमेकांत बदलून लावल्या होत्या. १९०८ ते १९१४ अशी जवळपास सहा वर्षं ही अदलाबदल एकाच वेळी चालू होती.

टिळकांना मधुमेह होता, मंडालेचा उन्हाळा भयंकर होता, आणि जून १९१२ मध्ये, म्हणजे थिबाची राणी गेली त्याच वर्षी, पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. टिळकांना तुरुंगातच ती बातमी मिळाली. पण त्या माणसाने तिथे पथ्य पाळून मधुमेह आटोक्यात ठेवला, जर्मन-फ्रेंच शिकले, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं. १९१४ साली सुटून आले आणि लगेच राजकारणात उतरले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात न्यूमोनियाने गेले, चौसष्टाव्या वर्षी.

बघा, गोष्ट किती झकास जमतेय! एकाला काम होतं, पुस्तकं होती आणि सुटकेची तारीख होती. दुसऱ्याला यातलं काहीच नव्हतं. एक टिकला, दुसरा खचला. ऑफिसमधल्या एखाद्या प्रेरणादायी व्याख्यानात ही स्लाईड टाकली तर टाळ्या नक्की. पण इंजिनिअर म्हणून मला कबूल करायला हवं की इथे नमुने फक्त दोन आहेत. थिबाच्या मनात काय चाललं होतं याची तपासणी कुणी केली नव्हती, त्याच्या रक्ताची तर नाहीच. वय, आहार, आनुवंशिकता सगळं वेगळं. दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, प्रश्न मात्र मांडता येतो. न संपणारं दुःख शरीराच्या संरक्षणव्यवस्थेपर्यंत पोचतं का? आणि पोचत असेल तर कुठल्या वायरीने?

*

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात 'श्रेष्ठ' गोष्टींची एक लांबलचक यादी आहे, कशासाठी काय सर्वांत प्रभावी याची. त्यात रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये पहिला मान विषादाला दिलाय. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत क्षयरोगाचा संबंध थेट माणसाच्या स्वभावाशी, दुःखाशी, प्रेमभंगाशी लावत असत.

मग १८८२ च्या मार्चमध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि सगळं पालटलं. कारण सापडलं होतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं, आणि त्याचा प्रेमभंगाशी काही संबंध नव्हता. ही प्रचंड मोठी झेप होती, यात शंका नाही. पुढच्या काळातल्या लसी आणि प्रतिजैविकं त्याच वाटेने आली. पण या धामधुमीत मन ही गोष्ट वैद्यकातून जवळपास हद्दपार झाली. जंतू आला म्हणजे रोग आला, एवढंच उरलं. (मी आईला दिलेलं उत्तर अगदी १८८२ सालचं होतं म्हणा ना!)

परतीचा प्रवास फार सावकाश झाला. १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकाने 'नेचर'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्यं असा कुठलाही त्रास दिला तरी शरीरात तेच तीन बदल दिसत होते. ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या होत, पोटात व्रण पडत, आणि छातीतली थायमस नावाची ग्रंथी आक्रसत असे. गंमत म्हणजे थायमस नेमकी काय करते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते १९६१ मध्ये जॅक मिलरने दाखवलं, की प्रतिकारशक्तीच्या महत्त्वाच्या पेशी, ज्यांना आपण टी-पेशी म्हणतो, त्या तिथे तयार होतात. म्हणजे ताणाने प्रतिकारशक्तीला धक्का बसतो ही नोंद लॉगमध्ये पंचवीस वर्षं पडून होती, पण ती ओळ वाचायची कशी हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

दरम्यान १९४० च्या दशकाच्या शेवटी कॉर्टिसोन हे औषध आलं. संधिवाताने आखडलेली माणसं त्याने चालू लागली आणि १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. संधिवातात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते आणि कॉर्टिसोन तो हल्ला दाबतं. आता हे कॉर्टिसोन ज्या कुटुंबातलं, त्याच कुटुंबातलं कॉर्टिसॉल ताणाच्या वेळी आपल्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात सोडत असतात. म्हणजे प्रतिकारशक्तीचा आवाज कमी करायचं बटण शरीराच्या आतच बसवलेलं आहे, आणि त्या बटणावर मेंदूचा हात आहे.

खरा स्फोट झाला १९७५ मध्ये, तोही अपघातानेच. अमेरिकेत रॉचेस्टरला रॉबर्ट एडर हा मानसशास्त्रज्ञ उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी द्यायचा आणि सोबत मळमळ आणणारं एक औषध टोचायचा. नंतर औषध न टोचता नुसतं गोड पाणी दिलं तरी उंदीर ते टाळायचे. इथपर्यंत ठीक. पण काही उंदीर चक्क मरू लागले. औषध बंद असताना! ते औषध होतं सायक्लोफॉस्फामाइड, आणि ते मळमळीबरोबर प्रतिकारशक्तीही दाबतं. एडरने निकोलस कोहेन या प्रतिकारशास्त्रज्ञाला सोबत घेऊन रीतसर प्रयोग केला आणि दिसलं ते असं: नुसत्या गोड चवीने उंदरांच्या शरीरात प्रतिपिंडं कमी तयार होत होती. चवीची आठवण मेंदूत असते. म्हणजे मेंदूतल्या आठवणीने रक्तातल्या संरक्षणाला हुकूम दिला होता. तोवर सगळे धरून चालले होते की प्रतिकारशक्ती ही स्वतंत्र मशीन आहे, नेटवर्कला न जोडलेली. पुढे १९८० च्या दशकात डेव्हिड फेल्टेन आणि सहकाऱ्यांनी प्लीहेसारख्या अवयवांत प्रतिकारपेशींच्या अगदी शेजारी पोचलेले मज्जातंतूच दाखवून दिले. वायर सापडली!

*

उंदीर झाले, आता माणसं. इथून पुढचं वाचताना मला सारखी आई दिसत होती.

१९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बार्ट्रॉप आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. नुकताच जोडीदार गमावलेल्या २६ जणांचं रक्त त्यांनी दोनदा तपासलं, दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत त्यांच्या टी-पेशींचा प्रतिसाद मंदावलेला दिसला. दोन आठवड्यांनी नाही, सहा आठवड्यांनी. म्हणजे दिवसकार्य आटोपतं, माणसं आपापल्या गावी परततात, घर रिकामं होतं, त्यानंतर.

१९९१ साली शेल्डन कोहेन यांनी इंग्लंडमध्ये ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. देखरेख सगळ्यांची सारखीच. आधी प्रत्येकाचा मानसिक ताण मोजून ठेवला होता. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली, सर्वांत जास्त ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना. इथे नीट लक्ष द्या. विषाणू सगळ्यांनाच मिळाला होता. कॉख बरोबरच होता, विषाणूशिवाय सर्दी नाही. पण विषाणू आत शिरल्यावर पुढे काय होणार, यात ताणाचाही हात होता.

१९९५ मध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि तुलनेला त्याच वयाच्या तेवढ्याच. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. बाबा शेवटचे दीड वर्ष अंथरुणावर होते. त्यांचं सगळं आईने केलं. मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो आणि ते आपलं पुरेसं योगदान आहे असं समजत होतो. असो.

२००४ मध्ये सेगरस्ट्रॉम आणि मिलर यांनी तीसेक वर्षांतले तीनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. सगळे ताण सारखे नसतात. काही मिनिटांचा ताण, समजा भाषण किंवा मुलाखत, प्रतिकारशक्तीचा काही भाग उलट जागा करतो. परीक्षेसारख्या काही दिवसांच्या ताणात एक बाजू दबते, दुसरी वर येते. पण ज्याचा शेवटच दिसत नाही असा ताण प्रतिकारशक्तीच्या जवळपास सगळ्याच बाजू दाबतो. अशा ताणाची उदाहरणं त्यांनी दिली आहेत ती स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची शुश्रूषा आणि युद्धामुळे देशाबाहेर फेकलं जाणं, अशी. हे वाचल्यावर मी मान वर करून पॅलेसच्या दिशेने बघितलं. थिबाबद्दल सिद्ध करता येण्यासारखं काहीच नाही. पण त्याच्या दुःखाची जात कुठली होती, हे आता कळतंय. टिळकांच्या शिक्षेला अखेरची तारीख होती, त्याच्या शिक्षेला नव्हती.

आता नागीण. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो आणि त्याच्यावर पहारा ठेवतात त्या टी-पेशीच. (तो एका मज्जातंतूच्या पट्ट्यात वर येतो, म्हणून पुरळ शरीराच्या एकाच बाजूला उठतं. तोंड-शेपूट जुळायचा प्रश्न सहसा येतच नाही. काकूंना हे चित्र काढून दाखवलं. त्यांना पटलं नाही.) वय वाढतं तसा पहारा ढिला पडतो. मायकेल अर्विन यांच्या गटाला असं दिसलं की तीव्र नैराश्य असलेल्या वयस्कांत नेमका हाच पहारा आणखी कमी असतो. आणि २०१३ च्या त्यांच्या अभ्यासात, साठीच्या पुढच्या लोकांना नागिणीची लस दिली तेव्हा उपचार न घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांमध्ये लसीला प्रतिसाद कमी आला. नैराश्यावरची औषधं घेत असलेल्यांचा प्रतिसाद मात्र जवळपास निरोगी माणसांइतका होता.

मला वाटलं, झालं, केस सुटली! आईचं बरोबर होतं.

पण थांबा. २०१७ साली डेन्मार्क आणि ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न नेमका आईचाच: जोडीदार गेल्यानंतर नागीण होण्याचा धोका वाढतो का? उत्तर आलं, तसा सातत्याने दिसणारा पुरावा मिळत नाही. म्हणजे प्रयोगशाळेत पेशी मंदावलेल्या दिसतात, पण त्यावरून प्रत्यक्ष लोकसंख्येत आजार वाढलेच असं म्हणता येत नाही. शरीरात बॅकअप बरेच असतात. एक प्रोसेस मंद झाली म्हणून अख्खी सिस्टीम कोसळत नाही.

तेव्हा "हे गेले म्हणून झालं का?" याचं प्रामाणिक उत्तर असं: एका माणसाबद्दल हे कुणालाच सांगता येणार नाही. पण प्रश्न वेडगळ नव्हता. आणि माझं तडकाफडकी "नाही" चुकीचं होतं.

*

ही वायर दुतर्फा आहे, तेही सांगायला हवं. १९५२ साली न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये क्षयाच्या रुग्णांना इप्रोनायझिड नावाचं नवं औषध दिलं. महिनोन्‌महिने पडून असलेले रुग्ण अचानक उत्साहाने हिंडूफिरू लागले. पुढे हेच औषध नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक ठरलं. म्हणजे मनाच्या औषधाचा एक धागा क्षयाच्या वॉर्डातून निघाला. याच्या उलट, हेपटायटिस सी साठी वर्षानुवर्षं दिलं जाणारं इंटरफेरॉन, जो मुळात प्रतिकारशक्तीचाच एक संदेश आहे, त्याने अनेक रुग्णांना नैराश्य यायचं. घरात कुणी गेलेलं नाही, काही घडलेलं नाही, फक्त रक्तात प्रतिकारशक्तीचा संदेश वाढला आणि माणूस खचला. तापात आपण भिंतीकडे तोंड करून पडतो, कुणाशी बोलू नये असं वाटतं, ते याचंच छोटं रूप.

आणि इथे मला 'ते' हॉस्पिटल आठवलं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय सुरू झालं तेही १८८६ सालीच, थिबा आला त्याच वर्षी. कायदा होता १८५८ चा आणि नाव होतं वेड्यांचं इस्पितळ. बंदिस्त जागा, भिंत, पहारेकरी. १९१२ ला दुसरा कायदा आला, १९२० च्या दशकात देशभर असायलमची मेंटल हॉस्पिटलं झाली, १९८७ ला आणखी एक कायदा आला, आणि २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरवला. आज येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्या जुन्या काळात देशभरच्या अशा इस्पितळांत माणसं मरायची ती बहुतेक हगवण आणि क्षय यांनी. गर्दी आणि अपुरा आहार ही कारणं उघडच होती. मनाचा त्यात किती वाटा होता हे आता वेगळं काढता येणार नाही. पण आजही तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात आणि त्यातली बरीचशी शारीरिक आजारांनीच जातात. शरीराचे डॉक्टर एका इमारतीत आणि मनाचे डॉक्टर भिंतीपलीकडच्या दुसऱ्या इमारतीत, ही रचना आपण १८८६ मध्ये उभी केली आणि डोक्यातून ती अजून पाडलेली नाही. आई रिक्षात जे बोलली ते त्या भिंतीमुळेच.

एक धोका मात्र आहे. मन आणि प्रतिकारशक्ती जोडलेली आहेत म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "मनाने घेतलंस म्हणून आजारी पडलीस. आनंदी राहायला काय जातं?" हे विज्ञान नव्हे, आजारी माणसावर ठेवलेला आरोप आहे. विज्ञान एवढंच सांगतं की दुःख हीही शरीरातलीच एक घटना आहे. आणि शरीरातल्या घटनेवर जसे उपचार करतात तसे तिच्यावरही करता येतात.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आईला म्हटलं, "काल मी तुला चुकीचं सांगितलं. व्हायरस होताच. पण त्याला अडवणारे शिपाई असतात आपल्यात, आणि दीड वर्ष बाबांचं सगळं करून, त्यात ते गेल्यावर, ते शिपाई दमले असतील. नक्की सांगता येत नाही. पण असू शकतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी उगाच म्हणत नव्हते."

"नाही आई. उगाच नव्हतीस म्हणत."

"आणि ते डॉक्टर म्हणत होते ते, मनाचे डॉक्टर... ते या शिपायांसाठी का?"

मी हो म्हटलं. पूर्ण खरं उत्तर याहून लांब आहे. ते डॉक्टर मुळात तिच्यासाठीच आहेत, शिपाई सुधारले तर तो वरचा फायदा. पण सुरुवातीला एवढं पुरे होतं. मंगळवारी आम्ही गेलो. 'त्या' हॉस्पिटलात नाही, बाजारपेठेतल्या एका साध्या दवाखान्यात, जिथे खाली औषधांचं दुकान आहे आणि कोण कशासाठी वर चाललंय हे कुणी बघत नाही. मी दोन दिवस जादा रजा टाकली. कंपनी बुडाली नाही. :)

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं नुकतंच कुणी गेलं असेल आणि मागे राहिलेलं माणूस सारखं आजारी पडत असेल, तर फोनवर एकदा झोप-जेवणाची चौकशी करा, तीही सगळे पाहुणे परत गेल्यानंतर, सहा आठवड्यांनी. जवळपास डॉक्टर नसतील तर सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं.

परतीच्या बसमध्ये बसताना पाऊस पुन्हा सुरू झाला होता. आई दारापर्यंत सोडायला आली नाही, पडवीतूनच म्हणाली, "पोचलास की फोन कर. आणि रविवारचीच वाट बघू नको."